पाटावर बसलेला पाना

मला गाडी दुरुस्त करता येत नाही, हे आज मी मोकळेपणाने लिहू शकतो. तेव्हा लिहू शकलो नसतो. तेव्हा मला गाडी दुरुस्त करता येते असं मी रायपुरातल्या निदान तीन मोहल्ल्यांत सांगून ठेवलं होतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आमच्या दप्तराच्या दारावर काल 'संभागीय कार्यालय' लिहिलेलं होतं, तिथे आज 'संचालनालय' आलं. माझं टेबल तेच, डोक्यावरचा कुरकुरणारा पंखा तोच, पण पाटी मोठी झाली म्हणून मी आत शिरताना जरा ताठ चालू लागलो. रस्त्याने लाल दिव्यांच्या गाड्या धावत होत्या. अशा शहरात आपण स्कूटरवर डबा लटकवून दप्तरात जातो, हे मला पटेना. राजधानीच्या माणसाला गाडी हवी, असं मी घरात दोन-तीनदा बोलून दाखवलं. कुणी विरोध केला नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं.

गाडी मिळाली ती भोपाळला परत निघालेल्या एका साहेबांकडून. राज्य वाटलं गेलं, माणसं वाटली गेली, त्यात साहेब तिकडच्या वाट्याला गेले. जाताना त्यांनी बायको, कुत्रा आणि लोणच्याच्या बरण्यासुद्धा सोबत नेल्या. गाडी तेवढी मला दिली. त्यावरूनच मी काही समजायला हवं होतं. गाडी पंधरा वर्षांची, रंग कधीकाळी पांढरा, पाटी जुन्या राज्याची. ती घेऊन मी पाऱ्यात शिरलो, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, तेव्हा हॉर्न सोडून सगळं वाजत होतं. तरी मी एक हात खिडकीबाहेर काढून आलो.

पावसाळ्यात कळलं की गाडी पाणी घेते. थेंब डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या उजव्या गुडघ्यावर पडायचा, वळणावर डाव्या गुडघ्यावर. त्या सीटवर माझी बायको बसे. दोन-चार दिवस तिने सोसलं, मग ती मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसायला लागली. सिग्नलला गाडी थांबली की दार उघडून डबा रस्त्यावर रिकामा करायची आणि शेजारच्या स्कूटरवाल्याकडे बघून हसायची. त्या हसण्यात माझी बदनामी आहे असं मला वाटायचं. होतीच.

मी गळती शोधायला लागलो. पुढच्या काचेच्या रबराला आधी पंक्चरचं सोल्युशन लावलं, मग मेणबत्ती वितळवून ओतली, मग गवंड्याकडून थोडं पांढरं सिमेंट आणलं. पाण्याने प्रत्येक वेळी नवी वाट काढली. शेवटी एका रविवारी बॉनेट उघडून मी काचेच्या खालच्या बाजूला वाकलो, तर तिथे पत्र्याची एक पन्हळ दिसली. गाडीच्या रुंदीएवढी लांब, आणि दोन टोकांना बोटभर जाडीची दोन भोकं. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली.

"सापडलं," मी म्हणालो. "दोन मोठी भोकं आहेत."

तिने वाकून बघितलं. "अहो, दोन्ही अगदी एकसारखी आहेत. कंपनीनेच ठेवली असतील ना?"

"बुजवायची राहिली असतील. एवढं मोठं काम, विसरतात लोक."

मी जुन्या चपलेच्या रबराची दोन बुचं कापली, भोकांत ठोकली आणि वरून पाण्याच्या टाकीला लावतात ते सील मळून लावलं. असं घट्ट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. त्यानंतर आठवड्याभरात पाऊसच संपला, त्यामुळे गळतीही संपली. त्याचं श्रेय मी घेतलं.

गाडी सकाळी खोकायची म्हणून चार नवे स्पार्क प्लग आणायला गेलो, तेव्हा सुट्या भागांच्या दुकानदाराला मी माझा हा पराक्रम ऐकवला. म्हातारा माणूस, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने प्लगांची खोकी पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "साहब, पानी आता कहाँ से है, ये छोड़िए. जाता कहाँ से है, ये देखिए." मला वाटलं, काय खोल बोलला. मी ते वाक्य दप्तरात आयुष्याबद्दलचं वाक्य म्हणून सगळ्यांना ऐकवलं. तो गाडीबद्दल बोलत होता हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्यापासून तीन घरं सोडून एक मावशी राहायच्या. नवरा रेल्वेत फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या पाऱ्यात घर बांधलं. घर बौद्ध, मूळचं आमच्यासारखंच विदर्भातलं. लग्न होऊन रायपूरला आल्यापासून मावशींनी दसऱ्याची दीक्षाभूमी चुकवली नव्हती. कडेवर लेकरू असताना गेल्या, अंगात ताप असताना गेल्या. मग नवऱ्याला लकवा झाला आणि दोन दसरे घरात गेले. हिवाळ्यात ते वारले. त्या वर्षी मावशी पुन्हा निघाल्या होत्या, आणि पहिल्यांदाच एकट्या. त्यांच्या ओळखीच्या बायकांचा एक जथा नागपूरला येणाऱ्या लोकांना जेवण वाढायचा. त्यासाठीचे दोन मोठे गंज, पन्नास माणसांची डाळ एकेकात शिजेल एवढी पातेली, मावशींकडे होते. बायका आपापल्या घरून परस्पर स्टेशनवर भेटणार होत्या. मावशींनी ओळखीच्या ऑटोवाल्याला सांगून ठेवलं होतं.

हे सगळं मला कुंपणावरून कळलं आणि माझ्यातला राजधानीचा माणूस जागा झाला.

"मावशी, ऑटो काहून? माझी गाडी आहे ना."

"गाडी हाये ते मले माहीत हाये," मावशी म्हणाल्या. "चालते का?"

"मी स्वतः तयार केली आहे."

"म्हणूनच इचारून राहिली."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑटोवाला रस्त्यात दिसला तेव्हा मीच त्याला सांगून टाकलं, मावशींना मी सोडणार आहे, तू येऊ नको. असा माझा स्वभाव आहे. मदत करायची तर समोरच्याला पळायला जागा ठेवायची नाही.

मावशींना दसऱ्याच्या दिवशी नागपुरात असायचं होतं, म्हणजे आदल्या दिवशी निघणं आलं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. वर्षभर राबलेली अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या विश्रांतीचा दिवस. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात, कारण विळी पाटावर असते. आमच्या घरी या पूजेचा सगळा कारभार माझ्या आईकडे होता. त्या वर्षी तिने विळी, कात्री, अडकित्ता आणि माझं पेन मांडलं, आणि शेवटी माझी हत्यारांची पिशवी पाटावर रिकामी केली. पक्कड, दोन पेचकस, प्लग उघडायचा पाना. नवे चार प्लगही तिने खोक्यांतून काढले आणि एका ओळीत उभे केले. ते वर्गात उशिरा आलेल्या पोरांसारखे दिसत होते.

प्लग आदल्याच दिवशी बसवून मोकळं व्हायला हवं होतं. पण पूजा झालेले प्लग दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायचे, असा बेत मी जाहीर केला होता. मला कुठलंही काम करण्यापेक्षा ते कधी करणार हे सांगायला जास्त आवडतं.

मग मी गाडी धुवायला घेतली. पूजेची गाडी, शिवाय स्टेशनवर जाणार. नळाला पाइप लावून मी ती अर्धा तास धुतली, त्यातला जवळजवळ सगळा वेळ पाइप पुढच्या काचेवर होता, कारण तिथे कावळ्यांचं काम होतं. पाणी काचेवरून खाली पन्हळीवरच्या जाळीत जात होतं आणि गाडीच्या आत एक थेंब येत नव्हता. मी बायकोला बोलावून दाखवलंसुद्धा. मग बॉनेटवर झेंडूची माळ आली, चाकांखाली लिंबं आली. गाडी पाटावर मावत नाही, म्हणून तिला सुट्टी नव्हती.

साडेबारा वाजता मावशी आल्या. पांढरं शुभ्र पातळ, हातात पिशवी, आणि मागे माझी बायको आणि मी मिळून आणलेले दोन गंज. नागपूरची गाडी सव्वादोनला होती. गंज मागच्या सीटवर बसवले, मावशी पुढे बसल्या. मी किल्ली फिरवली. गाडी तीनदा खोकली आणि चालू झाली. लिंबं फुटली. आमच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत छोटा उतार आहे. त्या उतारावरून मी मंत्र्यासारखा खाली आलो, आणि रस्त्यावर एक बकरी उभी होती म्हणून ऐटीत ब्रेक दाबला.

आतून बादली उपडी केल्यासारखा आवाज आला. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघाली. इंजिनाने एक हुंदका दिला आणि ते बंद पडलं. बकरी तिथेच उभी राहून बघत होती.

बॉनेट उघडलं. सगळं इंजिन न्हाऊन निघालं होतं. प्लग ज्या खोल खोबणींत बसतात त्या चारही काठोकाठ भरल्या होत्या. एकीत झेंडूची पाकळी तरंगत होती. मी पन्हळीकडे बघितलं. तळाशी अजून दोन बोटं पाणी होतं, आणि टोकांना माझी बुचं अगदी शाबूत होती. ती भोकं गळती नव्हती. काचेवरचं पाणी गुपचूप रस्त्यावर सोडून द्यायला कंपनीने ती ठेवली होती. मी तिथे धरण बांधलं होतं, आणि ब्रेक दाबून त्याचे दरवाजे उघडले होते.

"काय झालं?" मावशींनी आतून विचारलं.

"काही नाही. थोडं पाणी."

"कुठून आलं?"

मी घरात धावलो. आई पाटासमोर बसून वाती वळत होती.

"आई, पाना दे."

"कोणता?"

"तो. कुंकू लावलेला."

"सगळ्यायलेच लावलं."

"प्लगचा. लांब, नळीसारखा."

आईने पान्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तो उद्या उठेल. आज बसला हाये."

"आई, मावशींची गाडी सुटेल."

"मंग काल काहून नाही केलं काम? वर्षातून एक दिवस बसते तो बिचारा. तू तं रोजच बसतं."

आईशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता. वडील असताना एका नवमीला घरात साप निघाला होता, तेव्हा तिने काठीसुद्धा शेजाऱ्यांकडून आणवली होती. मी बाहेर पडून चौकाकडे पळालो. चौकात जवाऱ्यांची मिरवणूक आली होती. डोक्यावर हिरव्या अंकुरांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, ढोल, मांदर, आणि त्या गर्दीपलीकडे सगळे ऑटो अडकून पडलेले. मी कसाबसा एका ऑटोवाल्यापर्यंत पोहोचलो.

"स्टेशन चलोगे?"

"हव," तो म्हणाला. "चार बजे के बाद."

परत आलो तर मावशी गाडीतून उतरून इंजिनात बघत होत्या. माझी बायको शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्याचाच मला जास्त धाक वाटला.

"प्लगात पाणी गेलं," मावशी म्हणाल्या. "पाना आणा."

"पाना पूजेत आहे."

"म्हणजे सुट्टीवर हाये?"

"हो. उद्यापर्यंत."

मावशींनी पदर खोचला. "आमच्या घरचा नाही घेत सुट्टी," त्या म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून घराकडे निघाल्या.

पाच मिनिटांनी त्या नवऱ्याची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आत प्रत्येक वस्तू तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. स्कूटरचा प्लग उघडायचा पाना तळाशी होता. मी गाडीच्या प्लगावर लावून बघितला, तर बरोबर बसला. तेवढ्यात आई दारात आली. तिला वाटलं असावं, मी तिच्या पाटावरून चोरी केली.

"तो कोनाचा?" तिने विचारलं.

"आमच्या यायचा," मावशी नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या.

"पूजला नाही ना?"

"आजी, आमच्याकडे कोन पूजते? तेल लावून ठेवलं हाये."

"मंग चालते," आई म्हणाली आणि पायरीवर बसली.

मी पाना फिरवणार एवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. "आधी खोबनीतलं पानी टिपा. नाही तं प्लग निघाला की सारं आत जाईल." मी हात मागे घेतला. चिंधी बुडवायची, पिळायची, पुन्हा बुडवायची, असं करत चारही खोबणी कोरड्या केल्या. मग मी चारही वायरी एकदम उपटायला निघालो, तेव्हा मावशी म्हणाल्या, "कोनती वायर कुठची, हे ध्यानात राहील तुमच्या?" मी हो म्हणायच्या आत बायकोने कुंकवाची डबी आणली आणि वायरींवर टिकल्या लावल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. मला कुणी काही विचारलं नाही. गाडी माझी होती, एवढंच माझं त्यात स्थान उरलं होतं.

"तुम्हाला हे सगळं कसं येतं, मावशी?"

"चाळीस वर्षं दर रविवारी स्कूटर खोलली त्यायनं. नट सांभाळायले बसायची मी. दिसतेच मंग."

प्लग निघाले. काळे, ओले, दमलेले. बायकोने चुलीवरून पुऱ्यांची कढई उतरवली, तवा ठेवला आणि चारही प्लग त्यावर मांडले. चिमट्याने ती त्यांना फिरवत होती.

"किती वेळ भाजू?"

"भाजायचे नाहीत, वाळवायचे आहेत."

"मग तुम्ही या इकडे," ती म्हणाली. मी गेलो नाही.

सव्वा वाजता कोरडे गरम प्लग ताटलीत घालून तिने बाहेर आणले. पहिला बसला. दुसरा बसला. मला धीर आला, आणि मला धीर आला की मी घाई करतो. तिसऱ्यावर पाना तिरका बसला होता तो मी तसाच जोर लावून फिरवला. कट् असा छोटासा आवाज झाला. प्लगाची पांढरी चिनीमाती मधोमध तुटून माझ्या हातात आली.

मावशींनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटून बघितला आणि बॉनेटच्या काठावर ठेवला. मग एक गंज पालथा घालून त्यावर बसल्या. पातळाच्या काठाला काळा डाग लागला होता, तो त्या अंगठ्याने घासत होत्या.

"राहू द्या, बाबू," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं राहिलं, अजून एक राहील. गंज तेवढे कोनाच्या हाती पाठवता येते का पाहा."

मावशी मला रागावल्या असत्या तर मी काहीतरी विनोद केला असता. त्या रागावल्या नाहीत. ओळखीच्या ऑटोवाल्याला मीच येऊ नको म्हणून सांगितलं होतं, ही गोष्टसुद्धा त्यांनी काढली नाही. मी हातातला पाना पुसला आणि त्यांच्या नवऱ्याच्या पेटीत परत ठेवला.

आई पायरीवरून उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पूजेचं तबक होतं, आणि तबकात नवे चार प्लग, प्रत्येकाला हळदकुंकू, एकाच्या डोक्यावर अक्षता.

"आई, पूजा..."

"तू चूप बस. नवे हायेत ते. अजून कामालेच लागले नाही, त्यायले कायची सुट्टी?"

मी आजवर पुष्कळ कायदे आणि परिपत्रकं वाचली आहेत, पण इतका स्वच्छ निर्णय दुसरा पाहिला नाही. आईने तबक मावशींपुढे धरलं. "घ्या. प्रसाद समजा."

मावशींचा हात थांबला. त्या उभ्या राहिल्या. "आजी, प्रसाद नाही घ्यायची मी. प्लग म्हनून घेते."

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मी बकरी कुठे गेली ते शोधत होतो.

"प्लगच हाये तो," आई म्हणाली. "घ्या."

मावशींनी चारही घेतले आणि पहिला प्लग माझ्या सदऱ्याच्या बाहीला पुसायला लागल्या. मग थांबून आईला म्हणाल्या, "टोकावर कुंकू राहिलं तं ठिनगी नाही पडत."

"पुसा पुसा," आई म्हणाली. "चांगलं पुसा. त्याच्या सदऱ्याले काही होत नाही."

बसवलेले दोन जुने आणि तुटलेल्याचा आत राहिलेला भाग काढला आणि चारही नवे बसवले. या वेळी पाना माझ्या हातात आला नाही. "आधी बोटांनं फिरवा," मावशी सांगत होत्या आणि स्वतःच फिरवत होत्या. "बोटांनं जाईल तेवढा जाऊ द्या, मंग पाना. लेकराची टोपी बांधते तसं. आवळायचं नाही." टिकल्या मोजून वायरी लावल्या. जिथून चारही वायरी निघतात त्या टोपणाच्या आत मी कोरडं फडकं फिरवलं, हे काम मला मिळालं. शेवटी मी पक्कड नसल्यामुळे दातांनी धरायला निघालो होतो ती बुचं मावशींनी नवऱ्याच्या पेचकसने उपसून काढली. उरलेलं पाणी थेट माझ्या पायांवर आलं. आई हसली.

चौथ्या वेळेला गाडी चालू झाली. खोकला नाही, हुंदका नाही. पावणेदोन होऊन गेले होते.

मागच्या गल्लीने निघालो. त्या बाजूला मिरवणूक नव्हती, आणि ऑटोही कधी नसतात. प्रत्येक वळणावर मागे गंज एकमेकांवर आपटत होते. मला आता ब्रेकची भीती बसली होती, त्यामुळे मी सायकली, गाई आणि एक बँडवाला यांच्यामधून न थांबता जात होतो.

"बाबू, ब्रेक लावत जा," मावशी म्हणाल्या. "आता पानी नाही."

स्टेशनासमोर जिथे गाडी उभी करायची नाही असं लिहिलं आहे तिथे मी ती उभी केली. दोन हातांत दोन गंज घेऊन पळत सुटलो, मागे मावशी एक हात गुडघ्यावर ठेवून. पूल चढलो, उतरलो. फलाटावर पांढऱ्या कपड्यांची, निळ्या झेंड्यांची दाटी होती. एका डब्याच्या दारातून चार-पाच बायका हात हलवत होत्या. त्यांनी मावशींना दंडाला धरून वर ओढलं. मी पहिला गंज दिला. दुसरा देता येईना, दारात माणसं शिरत होती, म्हणून मी पायरीवर चढून आत घुसलो आणि तो डोक्यावर धरून बायकांपर्यंत नेला. तेवढ्यात मागून गर्दीचा लोंढा आला, माझे पाय जमिनीवरून उचलले गेले, आणि मी दोन बाकांच्या मध्ये जाऊन पडलो. उठून बसलो तेव्हा फलाट मागे सरकत होता.

"हे कोन?" एका बाईने विचारलं.

"माझे शेजारी," मावशी म्हणाल्या. "गाडी यायनं बिघडवली."

"अन् सुधारली?"

"नाही. ते मी."

बायका हसल्या आणि त्यांनी मला बसायला गंज दिला. ही गाडी दुर्गला थांबणार होती, तोवर माझ्याजवळ विचार करायला पाऊण तास होता. तिकीट नव्हतं, पाकीट घरी होतं, पायात घरातल्या चपला, कोपरापर्यंत काळं तेल आणि बाहीवर हळदकुंकू. राजधानीतली माझी गाडी किल्लीसह चुकीच्या जागी उभी होती. मी हे सगळं बायकांना रंगवून सांगायला लागलो. बकरीपर्यंत आलो तेव्हा सगळा डबा ऐकत होता. मावशींचाही अभिप्राय घ्यावा म्हणून वळलो, तर त्या ऐकत नव्हत्या. खिडकीला टेकून त्यांचे डोळे मिटले होते. पहाटेपासून जाग्या असणार, किंवा आदल्या रात्रीपासूनच. मी गोष्ट जरा हळू आवाजात पुढे नेली.

दुर्ग आलं. माणसांच्या पायांवरून, पोत्यांवरून मी दाराकडे सरकलो. एक बाई म्हणाली, "उठवू का त्यायले? तुम्ही उतरून राहिले म्हनून सांगते."

"नको," मी म्हणालो. "नागपूरला उठवा."

फलाटावर पाय ठेवतो तर समोर टी.सी. उभा. त्याने माझे हात बघितले, चपला बघितल्या, कोपरापर्यंतचं तेल बघितलं.

"लोको शेड के हो क्या?"

"हव," मी म्हणालो.

तो पुढच्या माणसाकडे वळला. मी डब्याच्या बाजूने खिडक्या मोजत चालत गेलो. मावशी तशाच झोपल्या होत्या. हिसक्याने डोकं गजांवर आपटू नये म्हणून शेजारच्या बाईने मध्ये आपला तळहात धरला होता. गाडी हलली तरी तिने तो काढला नाही.